पंधराचे तेवीस झाले कसे?

(ऑगस्ट २०२०, कोरोनाच्या लॉकडाऊनमधलं पत्र आणि त्याला दिलेलं उत्तर)

ताई, नमस्कार.

आम्ही भांडुपला राहतो. मी, मिस्टर आणि सातवीतली मुलगी. मार्चपासून धाकटे दीरही आमच्याकडेच आहेत. ते लोअर परळला कॉट बेसिसवर राहायचे. खानावळ बंद झाली, तेव्हा हे म्हणाले, ये इकडे, आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. त्याला आता पाच महिने होतील. भाऊजींचं काम लॅपटॉपवर चालू आहे, पगार पूर्ण येतो.

मिस्टरांचा पगार ५८,००० होता. एप्रिलपासून तीस टक्के कापतात, हातात ४०,६०० येतात. माझ्या शिकवण्यांचे सहा हजार यायचे, त्या मार्चमध्येच बंद झाल्या. घराचं कर्ज २५ लाख बाकी आहे, व्याज आठ टक्के, अजून वीस वर्षं. हप्ता २०,९०० चा. एप्रिल ते ऑगस्टचे पाच हप्ते आम्ही सवलतीत पुढे ढकलले आहेत.

घरखर्चाला मी आधी पंधरा हजार घ्यायचे. आता तेवीस लागतात. यावरून रोज कटकट. हे म्हणतात, ‘लोकल बंद, हॉटेल बंद, लग्नकार्यं बंद, वर हप्ताही बंद. मी स्वतःकडे नऊ हजार ठेवायचो, तेही आता ठेवत नाही. मग पैसा जातो कुठे? तू करतेस काय?’ मी पै-पै वहीत लिहिते, पण वही उघडली की भांडण आणखी वाढतं. कामाच्या बाईंना मी मार्चपासून १,८०० रुपये देते आहे, तेही त्यांना पटत नाही. परवा म्हणाले, सोनं पंचावन्न हजारांवर गेलंय, तुझ्या पाटल्या काढू या. गणपती आठ दिवसांवर आले. माझं नेमकं कुठे चुकतंय?

– वहीवाली, भांडुप


प्रिय वहीवाली,

तुम्ही पत्रासोबत वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेत, ते बरं केलंत. मी तीस वर्षं बँकेत काउंटरवर काढली आहेत. माणसं खर्चाबद्दल काय बोलतात आणि पासबुक काय बोलतं, यातला फरक मला चांगला ठाऊक आहे. तुमची वही मी दोनदा बेरीज करून पाहिली. तुमची बेरीज बरोबर आहे. चूक आहे ती तुलनेत.

मिस्टर पंधराशी तेवीस ताडून पाहतात. पण मार्चपर्यंत तुमच्या घराचा खर्च पंधरा हजार नव्हताच. तो चोवीस हजार होता: पंधरा तुमच्या डब्यात आणि नऊ त्यांच्या खिशात. तुमच्या पंधराला वही होती, त्यांच्या नवाला नव्हती. लोकलचा पास, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, ऑफिसच्या कँटीनमधलं जेवण, दिवसाला चार चहा, संध्याकाळी गाडी पकडण्याआधीचा वडापाव, शुक्रवारची मित्रांबरोबरची बैठक, हे सगळं त्यात बसायचं आणि कुणी विचारायचं नाही. तो माणूस आता घरी बसून जेवतो, चहा पितो, संध्याकाळी ‘काहीतरी खायला कर ना’ म्हणतो. खर्चाने फक्त पत्ता बदलला. ऑफिसच्या कँटीनमधून उठून तो तुमच्या ओट्यावर आला, आणि तुमच्याकडे वही असल्यामुळे तो दिसायला लागला.

जरा ताटं मोजा. मार्चपर्यंत कामाच्या दिवशी तुमच्या घरात दोन्ही वेळची मिळून पाच ताटं वाढली जात: तुमची दोन, लेकीची दोन, मिस्टरांचं रात्रीचं एक. आता चार माणसं, दोन्ही वेळा, आठ ताटं. शिवाय सकाळचा नाश्ता सगळ्यांना गरम लागतो, कारण गाडी पकडायची घाई कुणालाच नाही. तुमच्या वहीत सिलिंडर लावल्याच्या तारखा आहेत. जानेवारीत लावलेला त्रेपन्न दिवस गेला, जूनमधला बत्तीस दिवसांत संपला. मिस्टरांना बाकी काही दाखवू नका, या दोन तारखा दाखवा.

वाढलेले आठ हजार मी तुमच्याच नोंदींवरून लावून पाहिले. भाऊजींच्या जेवणाखाण्याचे साधारण तीन हजार. मिस्टरांचं दुपारचं जेवण आणि चहा-फराळ दोन हजार. गॅस आणि वीज मिळून नऊशे. इंटरनेटचे सातशे. मास्क, साबण, सॅनिटायझर सहाशे. उरलेले आठशे भाजीचे. भाजीचं तर सांगायलाच नको. पूर्वी तुम्ही स्टेशनबाहेर चार पाट्या फिरून, शेवटी पहिलीकडेच परत येऊन दोन रुपये कमी करून घेत असाल. मे महिन्यात वाशीचं मार्केट आठवडाभर बंद होतं, तेव्हा गेटवर जो टेम्पो आला त्याचा भाव तोच बाजारभाव. सोसायटीच्या ग्रुपवर ‘भाजी कॉम्बो’ मागवायचा, त्यात दोन भाज्या हव्या असलेल्या आणि चार नको असलेल्या. आमच्याकडे दुधीचा इतका मारा झाला की आमचे हे दुधी दिसला की ग्रुप सोडतो म्हणायचे.

वाया गेलेलंही धरा, ते वहीत वेगळं दिसत नाही. २४ मार्चच्या रात्री आठचं लॉकडाऊनचं भाषण संपलं आणि मी चपला घालून वाण्याकडे पळाले. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, पण रांगेत कुणाच्या तोंडी पाडव्याचं नाव नव्हतं. मी पाच किलो रवा आणला. आमच्या दोघांना पाच किलो रवा! मे अखेरीस डबा उघडला तर रव्याला जाळी धरलेली आणि आत सोनकिडे मजेत फिरत होते. चाळला, उन्हात घातला, तरी निम्मा टाकावा लागला. तुमच्या मार्चच्या पानावर दहा किलो तांदूळ, चार किलो रवा आणि शेंगदाणे तीन किलो दिसतात, म्हणून हे लिहिलं. शेंगदाण्याला खवट वास येत नाही ना, एवढं आज बघून घ्या.

आता हप्त्याची गोष्ट, कारण ‘वर हप्ताही बंद’ या वाक्यात खरी मेख आहे. वाचलं काय? हप्त्याचे २०,९०० आणि मिस्टरांच्या खिशातले ९,०००, एकूण २९,९००. गेलं काय? पगारातले १७,४००, तुमच्या शिकवण्यांचे ६,००० आणि वाढलेला घरखर्च ८,०००, एकूण ३१,४००. म्हणजे सगळं वाचवूनही महिन्याला दीड हजार उलटे. पैसा कुणी खाल्ला नाही. पगार कापला त्या भोकाला हप्त्याचं ठिगळ लावलं, एवढंच झालं. त्यावर लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी नऊ हजारांचा फोन, अठराशेचं ऑक्सिमीटर आणि जुलैत आलेलं ५,४०० चं विजेचं बिल. आणि हापूसच्या दोन पेट्या, ३,६०० रुपये. यंदा कोकणातून बागायतदारांनी थेट सोसायट्यांच्या गेटवर पेट्या पोचवल्या, सगळ्यांनीच घेतल्या, आम्हीही. पण तुमच्या वहीत त्या ओळीपुढे कंसात ‘यांनी मागवले’ असं लिहिलंय, ते वाचून मला हसू आलं. ते कंसातलं खोडू नका.

विजेच्या बिलाचं इथेच सांगते. एप्रिल-मेमध्ये मीटर वाचायला कुणी आलं नाही. बिलं सरासरीने आली, आणि ती सरासरी डिसेंबर ते फेब्रुवारीची, म्हणजे थंडीतली. उन्हाळ्यात पंखा चोवीस तास आणि माणसं घरात, तो सगळा फरक जूनच्या रीडिंगनंतर एकदम अंगावर आला. बिलावर एवढंच तपासा: तीन महिन्यांची युनिटं तीन महिन्यांत विभागून मग स्लॅब लावलाय, की सगळी एकाच महिन्यात धरलीत. आणि आधी भरलेली रक्कम वजा झाली आहे का. नसेल तर तक्रार करा. असेल तर तीन हप्ते मागून घ्या.

खरी अडचण ऑगस्टमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेने आधी मेपर्यंत आणि मग ऑगस्टपर्यंत दिलेली सवलत ३१ तारखेला संपते. सप्टेंबरात तुमच्याकडे येणार ४०,६००. जाणार: हप्ता २०,९००, घरखर्च २३,०००, मेंटेनन्स २,५००, शाळा ३,५००, विमा आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) मिळून ६,०००. बेरीज ५५,९००. खड्डा १५,३०० चा. त्यात मे, जून, जुलै हे तीन महिने पीएफची कपात बाराऐवजी दहा टक्के होती, ती ऑगस्टपासून पुन्हा बारा होते. त्यामुळे हातात येणाऱ्या रकमेत काही शे रुपये आणखी कमी पडले तर पेरोलवाल्याशी भांडू नका.

सवलत म्हणजे माफी नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. पण आकडा बहुतेकांनी काढलेला नसतो. २५ लाखांवर आठ टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज साधारण ८४,५०० रुपये होतं, ते मुद्दलात जातं. हप्ता तोच ठेवला तर या टाळलेल्या पाच हप्त्यांपायी शेवटी एकवीस-बावीस हप्ते जास्त भरावे लागतील. व्याजावरच्या व्याजाचा वाद सुप्रीम कोर्टात चालू आहे, त्याकडे डोळे लावून बसू नका. तुमच्या बाबतीत ते व्याजावरचं व्याज जेमतेम अकराशे रुपये आहे. दुखणं उरलेल्या ८३ हजारांचं आहे.

त्यावर उपाय मात्र बँकेतच आहे, आणि तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही. हे मी काउंटरच्या आतून सांगते आहे. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, गेल्या वर्षी ऑक्टोबरात ५.१५ टक्के होता, मे अखेरीस तो ४ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची तरत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असतात, त्यांना ही घट लवकर मिळते. तुमचं कर्ज त्याआधीचं असणार, म्हणूनच अजून आठ टक्के आहे. बँकेत जाऊन, थोडं शुल्क भरून ते रेपोशी जोडलेल्या दरावर न्या. सध्या सात टक्क्यांच्या आसपास दर मिळतो. सात टक्के मिळाला आणि हप्ता २०,९०० च ठेवला, तर वाढलेलं मुद्दल धरूनही कर्ज सुमारे २२० हप्त्यांत फिटतं, म्हणजे मूळच्या २४० पेक्षाही आधी. पण आज तुम्हाला हातात पैसा हवाय. तेव्हा मुदत वीस वर्षंच ठेवा, हप्ता साडेआठशेने उतरेल. पगार पूर्ववत झाला की हप्ता पुन्हा वाढवून घ्या. शिवाय ६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक कर्जांच्या (गृहकर्जही त्यातच येतं) फेररचनेला परवानगी दिली आहे, मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. १ मार्चला तुमचा हप्ता तीस दिवसांहून जास्त थकलेला नव्हता, तेव्हा तुम्ही त्यात बसता. तुमची बँक त्याचं काय करणार आहे, हे विचारून ठेवा. लगेच सही मात्र करू नका, कारण मुदत वाढली की व्याजही वाढतंच.

आता जे तुम्ही पत्रात लिहिलंत, पण विचारलं नाहीत, त्याबद्दल. तुमच्या घरात खर्च खरोखर कमी झालेला माणूस एकच आहे. तुम्ही नाही, मिस्टर नाहीत. भाऊजी. त्यांचं कॉटचं भाडं नाही, खानावळ नाही, पास नाही, पगार पूर्ण. चार पानांत त्यांच्या नावावर जमा अशी एकही ओळ नाही. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला कुणी विचारलंच नसेल, आणि ‘आठ-पंधरा दिवस’ म्हणून आलेल्या माणसाला पाच महिन्यांनी आपणहून विषय काढणंही अवघड जात असेल. महिन्याला पाच हजार द्यायला सांगा. पण तुम्ही सांगू नका. वहिनीने मागितलं तर त्याची गोष्ट गावापर्यंत जाते आणि गावाहून तिला फाटे फुटून परत येते. भावाने भावाला सांगायचं, चहा पिताना, चार वाक्यांत. मिस्टर म्हणतील, ‘मी कसं मागू, लहान भाऊ आहे.’ तेव्हा सिलिंडरच्या तारखांचं पान पुन्हा काढा.

शिकवण्या फोनवर सुरू करा. आधीची सगळी मुलं येणार नाहीत, आणि त्यांच्याही घरी पगार कापलेत, तेव्हा फी निम्मी सांगा. तीन हजार आले तरी पुष्कळ. अडचण एकच, लेकीची शाळा आणि तुमचा वर्ग एकाच फोनवर. तिची शाळा सकाळची असेल तर तुम्ही संध्याकाळची वेळ घ्या. एसआयपीचे चार हजार सहा महिने थांबवा, विम्याचा हप्ता मात्र चुकवू नका. हप्त्यातले साडेआठशे आणि भाऊजींचे पाच हजार धरून हे १२,८५० होतात. उरलेले अडीच हजार स्वयंपाकघरातूनच काढायला तुम्हाला कुणी सांगेल, तर ऐकू नका. मिस्टरांच्या फोनवर गेल्या चार महिन्यांच्या ऑनलाइन ऑर्डर असतील, त्या दोघांनी शेजारी बसून बघा. सलून बंद होती तेव्हा ट्रिमर घेतला, ते समजू शकते. हेडफोन दोन कशाला? ५ ऑगस्टपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं रोज उघडी आहेत, तेव्हा गेटवरचा टेम्पो सोडून सकाळी लवकर बाजारात जा, मास्क लावून. तिथे शे-दोनशे सुटतील, आणि घरातून पाऊण तास बाहेर पडाल ते वेगळंच.

बाईंच्या १,८०० ला हात लावू नका. मला यात दुसरी बाजू दिसतच नाही. त्यांच्यासारख्यांना ना सवलत ना पीएफ. चार घरांतल्या दोघांनी एप्रिलमध्येच फोन उचलणं बंद केलं असणार. सोसायटी परवानगी देत असेल तर त्यांना कामावर बोलवा. आठ ताटं तुम्ही एकट्या घासताय, हेही मला वहीत कुठे दिसलं नाही. आणि खरोखरच नाही जमलं, तर निम्मे द्या, पण समोर बसवून सांगा की निम्मेच जमतील.

पाटल्या राहू द्या. सोनं चढलंय म्हणून विकून महिन्याचा किराणा भरला, तर ऑक्टोबरात काय विकणार? रिझर्व्ह बँकेने पुढच्या मार्चपर्यंत सोन्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला बँकांना मुभा दिली आहे, त्याच्या जाहिराती आता जोरात येतील. भाव उतरला तर नव्वद टक्क्यांचं कर्ज गळ्याशी येतं. पगार पूर्णच थांबला तरच तो विचार करायचा, आणि त्याच्याही आधी पीएफ. पीएफमधून तीन महिन्यांचा बेसिक-डीए किंवा शिलकीच्या पंचाहत्तर टक्के, यात जे कमी असेल ते काढता येतं, परत भरावं लागत नाही. ते दार आहे एवढं माहीत असू द्या, आज उघडू नका.

कंपनीचा मेडिक्लेम आहे की पगारकपातीबरोबर तोही गेला, हे मिस्टरांनी एचआरला मेल करून विचारावं. गेला असेल तर जुलैपासून निघालेली कोरोना कवच पॉलिसी बघा, साडेतीन महिन्यांपासूनची मिळते. भाऊजींनी त्यांचं त्यांनी बघावं.

गणपतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आठ दिवस राहिलेत म्हणून लिहिते. घरच्या मूर्तीला यंदा दोन फुटांची मर्यादा आहे, पाहुणे येणार नाहीत, मखर गेल्या वर्षीचंच माळ्यावर असेल. एकवीस मोदक करा, एक्कावन्न नको. सारण कमी पडलं तर पडू दे.

वही यापुढे एकटीने लिहू नका. तीच वही, पण ती फ्रिजवर ठेवा आणि दोरीने पेन बांधा. मिस्टर, भाऊजी, तुम्ही, जो खर्च करील त्याने लिहायचं, वडापाव आणला तर तोही. भाऊजींनी पहिल्या आठवड्यात लिहिलं नाही तर आठवण मिस्टरांनी करायची.

आणि बँकेत ३१ च्या आत जा, गणपतीच्या सुट्ट्या धरून दिवस मोजकेच आहेत. दोघंही जा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर सही दोघांची लागेल. कर्जाचा ताजा उतारा, पगाराच्या तीन स्लिपा, आधार, पॅन आणि तुमचं पेन घेऊन जा. शाखेतली दोरीला बांधलेली पेनं सगळी काढून ठेवलीत.